अक्का, तो केंड नव्हता

अक्का, बचत गटातल्या बायका म्हणाल्या, "मीना, तू बारावी झालेली. अक्काच्या शोकसभेत वाचायला चार ओळी तूच लिही." मी वही घेऊन बसले. 'अक्का प्रेमळ होती' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. प्रेमळ कसली डोंबलाची! सव्वीस वर्षं आपण दोघी जावा एका घरात राहिलो, मिरकरवाड्यात एकाच ओट्यावर बसून मासे विकले, आणि तू एकदाही मला तोंडावर बरी म्हणाली नाहीस. मग लिहिलं, 'अक्का कष्टाळू होती.' ते खरंच आहे, पण ते तर कुणाच्याही शोकसभेत म्हणतात. शेवटी वही मिटली आणि सांगून टाकलं, मला जमत नाही, दुसरं कुणी बघा.

जमत नाही, कारण मला तुझ्याविषयी बोलायचंच नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि तीन आठवडे मी तुझ्याशी भांडतेय. भाकरी थापताना भांडते, कपडे पिळताना भांडते. काल दिलीपने विचारलं, "कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "तुझ्या वहिनीशी. तू मध्ये पडू नको." तो निमूट बाहेर गेला. हल्ली नवरा माझ्यासमोर गप्पच असतो. का, ते तुला ठाऊक आहे.

म्हणून तीच वही पुन्हा उघडून लिहितेय. ती कधीतरी बायका हातात घेणार आणि वाचणार, मी ओळखून आहे त्यांना. त्यांच्या नव्या सुनाही वाचतील. म्हणून केंडाचं आधी सांगून ठेवते, तू कंटाळू नको.

केंड म्हणजे तो मासा, जो जाळ्यात शिरला की जाळं कुरतडतो आणि बाहेर काढला की टम्म फुगतो. नवख्याला वाटावं, काय घबाड मिळालं! घटकाभराने हवा जाते आणि उरतं ते विषारी कातडं, त्याला मांजरसुद्धा हुंगत नाही. आपल्या ओट्यावर कुणी छाती काढून पुढचं सांगितलं आणि ते साफ खोटं ठरलं, की त्याला केंड म्हणायची पद्धत तू पाडलीस. अमका निवडून येणारच म्हणणारीचा केंड झाला. उद्या पापलेटचा भाव चढणार म्हणून माल धरून बसणारीचा केंड झाला. आता तर अख्खी जेटी तो शब्द वापरते. बर्फाच्या गाडीवालासुद्धा मॅच हरली की स्वतःच म्हणतो, "झाला माझा केंड!"

नियमही तुझेच. बोलायचं ते उभं राहून, पदर खोचून, निदान चौघींना ऐकू जाईल असं. 'बहुतेक' आणि 'वाटतं' चालणार नाही. खोटं ठरलं की त्या दिवशी सगळ्या ओट्याच्या सुऱ्या आणि फळ्या एकटीने घासायच्या, आणि घासताना रुसायचं नाही. या सगळ्याच्या वर एक नियम होता. जे आपल्याला आधीच माहीत आहे, त्याचं भाकीत करायचं नाही.

तो नियम मी एकदा मोडला होता. दिलीपचा बोटीवरून फोन आला होता की सुरमई भरपूर लागली आहे, आणि मी उठून ऐटीत सांगितलं, "आज आपल्या बोटीला सुरमई मिळणार म्हणजे मिळणार!" बोट लागली, सुरमई निघाली, बायका टाळ्या पिटायला लागल्या. तू माझा फोन हातात घेतलास, आलेला फोन बघितलास, आणि सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस. "माहीत असलेलं सांगणं म्हणजे चोरी गो! चारचौघींच्या डोळ्यांत धूळ टाकतेस? ऊठ, घास सुऱ्या." मी रडत रडत घासल्या. तू वर म्हणालीस, "रडायचं नाय, नियम हाय." ही गोष्ट मी विसरले नव्हते, अक्का. तू विसरलीस.

सगळ्यात जास्त सुऱ्या मात्र तूच घासल्यास. उभी राहिलीस, उजवा हात वर केलास की बायका हातातलं गिऱ्हाईक सोडून बघायच्या. "कोळणीला मोबाईलवर पैसे कोण मेला देणार? नोट हातात पडल्याशिवाय मासा हलणार नाय," असं म्हणालीस, आणि वर्षाच्या आत तुझ्याच पाटीच्या कानाला तो काळा-पांढरा चौकोन लटकत होता. वादळाच्या दिवशी रेडिओ ओरडत होता, पोलीस कर्णा लावून फिरत होते, तू म्हणालीस, "काय येत नाय, वर गुजरातला जाणार." दुपारी आपल्या पडवीचे पत्रे शेजाऱ्यांच्या माडावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पत्रा नाही, चूल भिजलेली, आणि तू ओट्यावर बसून खुशाल सुऱ्या घासतेस! हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं.

आणि तुझा माझ्यावरचा पहिला केंड. मी देवरूखकडची, शेतकऱ्याच्या घरातली. घरी मासे शिजायचे ते बाजाराच्या वारी, तेही साफ करून आणलेले. दिलीपशी माझं जमलं, दोन्ही घरांत आरडाओरडा झाला, आणि शेवटी लग्न होऊन मी तुमच्या दारात उभी राहिले. वास असा आला की मला उंबऱ्यावरच मळमळायला लागलं. मी नाकाला पदर लावला. तू ते पाहिलंस. सगळी वाडी जमली होती, आणि तू माप ओलांडायच्या आधी हात वर केलास. "ही सहा महिन्यांत माहेरी पळणार. काळ्या दगडावरची रेघ!" बायका हसल्या. माझा भाऊ मागे उभा होता, त्याची मान खाली गेली. त्या क्षणी मी तुझा जो दुस्वास केला, तो पुढे वर्षभर पुरला.

पण मग तूच काय केलंस? पहाटे मला उठवून धक्क्यावर न्यायचीस. आधी ओल्या मिठात हात चोळायला लावलेस, मग बोंबील, मग कोळंबी, मग मोठा मासा. पहिल्यांदा बांगड्याचं पोट फाडताना मी ओकले, तर तू पाठीवर हात फिरवला नाहीस, फक्त म्हणालीस, "झालं? आता दुसरा घे." सहा महिने संपले त्या दिवशी तू कुणी न सांगता पहिल्यांदा सगळ्यांच्या सुऱ्या गोळा केल्यास. घासताना माझ्याकडे बघितलंसही नाही. मला कळायला बरीच वर्षं लागली की स्वतःचं भाकीत खोटं पाडायला सहा महिने तूच राबत होतीस.

मग एकदा मी विचारलं होतं तुला, "अक्का, सगळ्यांचं नेहमी वाईटच का गो बोलतेस?" तू बारीक कोलीम मासळी निवडत होतीस. म्हणालीस, "चांगलं बोललं की दृष्ट लागते. वाईट चारचौघांत बोलावं. मग ते खोटं पाडायला सगळी धावतात. मीपण धावते." दिलीपची बोट निघाली की तू किनाऱ्यावरून ओरडायचीस, "रिकामे येणार रे मेल्यांनो!" आणि खलाशी हसत हसत नांगर उचलायचे. तू ओरडली नाहीस तर बोट चालवणारा तांडेल खट्टू व्हायचा, म्हणायचा, आज अक्का बोलली नाय, बरं दिसत नाय. असा आमचा सगळ्यांचा तुझ्या चुकण्यावर विश्वास. देवावर ठेवावा तितका.

म्हणून तर फसले मी.

मे महिना संपत आला होता. एक जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढायची घाई, हंगामाचा शेवटचा लिलाव आटोपून आपण सगळ्या ओट्यावर पाय पसरून बसलो होतो. तू उठलीस. पदर खोचलास, हात वर केलास. "पुढच्या हंगामाची पहिली पाटी मी उचलणार नाय. त्याच्या आत मी मरणार."  मग मी हसले. सगळ्यांच्या आधी मी हसले, अक्का, आणि सगळ्यांत मोठ्याने. टाळी वाजवून म्हटलं, "झालं! अक्का बोलली म्हणजे शंभरी नक्की. घ्या लिहून, माझ्या तेराव्याला हीच भांडणार!" मग सगळ्या हसल्या. तूही हसलीस. त्या दिवशी मी घरी जाताना वाटेत मिठाई घेतली, इतकं मला हलकं वाटत होतं. कारण तू बारीक झाली होतीस, ते मला दिसत होतं, आणि मनात कुठेतरी भीती होती. तू ती भीती काढून टाकलीस. तू मरणार असं म्हणालीस म्हणजे तू मरणार नाहीस. याहून पक्की खात्री मला कुठला डॉक्टर देणार होता?

आणि तुला तेव्हा सगळं माहीत होतं.

मार्च महिन्यापासून माहीत होतं. दिलीप मार्चमध्ये बोटीच्या इंजिनाचा पंप घेऊन कोल्हापूरला गेला, तू त्याच्याबरोबर गेलीस. म्हणालीस, "महालक्ष्मीचं दर्शन राहिलंय." एप्रिलमध्ये पुन्हा पंप बिघडला. मेमध्ये पुन्हा. मी दिलीपला सोडलं नाही. "तो पंप हाय की सवत हाय माझी? दर महिन्याला कोल्हापूरला जायला लागतं ते!" तो खाली मान घालून जेवत राहिला. तू मला वरून दटावलंस, "दर्याचं यंत्र हाय, बिघडणारच. तू भात वाढ." काय सफाईने बोललीस गो. एक शब्द अडखळला नाही.

बंदी लागली. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं, अक्का. दर्या चालू असता, लिलाव असता, गिऱ्हाईक असतं, तर मी म्हटलं असतं, वेळ कुठे होता बोलायला. पण जून-जुलैचे दोन महिने बोट वर, पाटी उलटी, हाताला काम नाही. वर्षात एवढीच तर आपल्याला उसंत. मी तुझ्यापासून दोन हातांवर बसून फाटकी जाळी शिवत होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तू पडवीत पडून बघत होतीस. कितीदा आपण एकट्या होतो! आपण काय बोललो माहीत आहे? आंब्याच्या साटांना बुरशी आली ते बोललो. शेजारणीच्या सुनेने केस कापले ते बोललो.

तुझे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं, कावीळ. तू लगेच म्हणालीस, "होय गो, कावीळच." मी भर पावसात एसटीने देवरूखला गेले, तिथून पुढे माझ्या गावाला, चिखलात गुडघाभर. तिथल्या म्हाताऱ्याकडून काविळीची मुळी घेतली, त्याने सांगितलेली पथ्यं चिठ्ठीवर लिहून आणली. उगाळून ते कडूजहर पाणी तुला अकरा दिवस पाजलं. तू अकराच्या अकरा दिवस प्यायलीस, तोंड वाकडं न करता. तिथेच मी ओळखायला हवं होतं. तोंड वाकडं न करता तू आयुष्यात दुसरं काय केलंस? वर म्हणायचीस, "उतार पडतोय गो. तुझ्या गावच्या मुळीला गुण हाय." आणि मी मूर्ख, माहेरी फोन करून सांगत होते, आमच्या अक्काला गुण आला.

त्या सकाळी तू पेज मागितलीस. मी पेज करून आणली, तर दिलीप तुझा हात धरून बसला होता, आणि हात नुसता धरलेला होता. मी पेजेचं ताट खाली ठेवलं. मला रडू आलं नाही. मला वाटलं, काहीतरी चूक झाली आहे. कारण तू मरणार नव्हतीस. मरणार म्हणून तू उभं राहून सांगितलं होतंस.

डॉक्टर दाखला द्यायला आले. "आजार काय होता?" मी पुढे होऊन म्हटलं, "कावीळ. मुळी चालू होती." डॉक्टर म्हणाले, "आधीचे कागद दाखवा." दिलीप उठला, पंपाच्या खोक्यात हात घातला आणि कोल्हापूरची फाईल काढली. वाडीतल्या बायका दारात दाटीवाटीने उभ्या. पोटातली गाठ, पसरलेली, वर तारीख मार्चची. मी ते पान सगळ्यांसमोर वाचलं. बारावी झाले आहे ना मी! माझ्या पायाशी अजून मुळी उगाळायची सहाण पडलेली होती.

मग मे महिन्यात तू केलंस ते काय होतं, अक्का? तो केंड नव्हता. ते भाकीतच नव्हतं. ती चोरी होती. तुझ्याच तोंडचा शब्द वापरते. माहीत असलेलं तू चारचौघींत उभं राहून सांगितलंस, आणि अशा रीतीने सांगितलंस की कुणी ऐकू नये. सगळ्या ओट्याला सांगितलंस म्हणजे मला सांगितलं नाहीस. आणि मला हसवलंस. तुझ्या मरणावर मला टाळी वाजवायला लावलीस. अगो, काय म्हणून? काय बिघडवलं होतं मी तुझं?

दिलीपला मी दहा दिवस धारेवर धरलं. तो आठ वर्षांचा होता तेव्हा तू या घरात आलीस, आई नसलेल्या पोराला तू वाढवलंस, तुझं माणूस ते. त्याला सांगितलंस, मला नाही. सव्वीस वर्षांनी मी अजून दारातलीच, नाकाला पदर लावलेली? मी हे त्याला असंच विचारलं. तो म्हणाला, "तसं नाय गो." म्हटलं, "मग कसं?" शेवटी एकदाचं तोंड उघडलं त्याने. म्हणाला, "वहिनी म्हणाली, मीनाला कळलं तर ती लिलाव शिकणार नाय. माझ्या उशाशी बसून राहील."

लिलाव! मग मला एप्रिल-मे आठवला. तुझे गुडघे दुखायला लागले, रोज, नेमके लिलावाच्या वेळेला. "तू जा बोली लावायला, मी बसते." सव्वीस वर्षांत तू मला बोली लावू दिली नव्हतीस. दलाल मला हसायचे. मी चढी बोली लावून आले की तू बायकांसमोर माझी शोभा करायचीस, "डोळे फुटले काय? त्या पाटीत वर मोठा मासा, खाली बारीक. पाटी हलवून बघायची, हात घालायचा, मग तोंड उघडायचं!" मी घरी येऊन दिलीपला म्हणायचे, तुझी वहिनी म्हातारी झाली, आळशी झाली, आणि खवट झाली. तू भिंतीपलीकडे होतीस. ऐकलंच असशील.

म्हणजे तू मला शिकवत होतीस. ठीक आहे. शिकले. आज मी लिलावात उभी राहते आणि दलाल हसत नाहीत. त्याबद्दल तुझे पाय धरायला हवेत, आणि धरते, खोटं नाही सांगत. माझ्या घरात उद्या चूल पेटेल ती तू शिकवलंस म्हणून. माहेरी पळून गेले नाही तेही तुझ्यामुळे, आणि हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू जिवंत असताना बोलले असते तर म्हणाली असतीस, "पुरे, नाटकं नको." तरी सांगायला हवं होतं. तेवढी माझीही चूक.

पण माझं म्हणणं ऐक. तू ठरवलंस की मीना शिकणार नाही. म्हणजे हेही भाकीतच केलंस ना, माझ्याविषयी? आणि ते उभं राहून केलं नाहीस, हळूच दिलीपच्या कानात केलंस, जिथे ते खोटं पाडायला मी धावू शकणार नाही. मी दोन्ही केलं असतं. पहाटे लिलाव केला असता आणि दुपारी तुझ्या उशाशी बसले असते. मुळीसाठी चिखल तुडवायच्या ऐवजी ते दोन दिवस तुझ्याजवळ बसले असते. आपण भांडलो असतो, मी रडले असते, तू 'रडायचं नाय' म्हणाली असतीस. तुला काय खावंसं वाटतं ते विचारलं असतं. तुला भीती वाटत होती का, ते विचारलं असतं. तू पडवीत एकटी पडून काय विचार करत होतीस, तेवढं तरी. हे सगळं तू माझ्यापासून काढून घेतलंस, आणि वर मला त्याचं कारण चांगलं दिलंस. चांगल्या कारणाने फसवलं की माणसाला नीट रागावताही येत नाही.

मी रागावलेली आहे. राग गेला की कळवीन.

परवा हंगाम सुरू झाला. पहिली पाटी मी उचलली. बायकांनी तुझी जागा मोकळी ठेवली होती, मी त्यावर बर्फाचा टब ठेवला. मोकळी जागा बघवत नव्हती मला. दुपारकडे बाई आल्या, पटवर्धनांच्या बोळातल्या नव्हे, त्या वरच्या आळीतल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, तुझ्याकडून कर्लीच घेणाऱ्या. बंदीचे दोन महिने त्या धक्क्यावर फिरकल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना काही ठाऊक नव्हतं. छत्री मिटत म्हणाल्या, "अक्का कुठे गेल्या?"

माझ्या तोंडून निघालं, "मला सांगून नाही गेली."

त्यांना वाटलं, गावाला गेलीस. बाजूच्या बायकांनी माना फिरवल्या. बाई खुशीत होत्या, आणि त्यांना थांबायचं नव्हतं. म्हणाल्या, "माझा एवढा निरोप द्या त्यांना. आमच्या ह्यांची वाचा गेली होती ना, मेमध्ये अक्का मला म्हणाल्या, बाई, आता मास्तर बोलायचे नाहीत, काळ्या दगडावरची रेघ. मी घरी जाऊन देवाला साखर ठेवली. गेल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली हो. नावाने. अक्कांना सांगा, मोठा केंड झाला म्हणावं. आठवणीने सांगा."

मला खरं सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि 'सांगते' म्हटलं. कर्ली साफ करून दिली, त्या गेल्या.

तर मास्तर बोलायला लागले. बायकोला नावाने हाक मारली. बाईंचा निरोप होता, मी दिला. काही कळलं की असं सांगायचं असतं गो, अक्का. आपल्या माणसाला सांगायचं असतं.